आधी बघा, इंजिन कुठं पळतंय

वाचकांचे प्रश्न : रबर, बुश आणि फाउंडेशन

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडं पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल. टर्बो मोठा टाकलाय, ट्यूनिंग करून घेतलंय, डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) ३५० न्यूटन-मीटर टॉर्क दिसला. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यतीत (थांबलेल्या गाडीनं सुटून सरळ पळायचं) पाव मैल पळवायची आहे. पण सुटताना पुढची चाकं धाडधाड उड्या मारतात आणि दुसरा गिअर अडकतो. एक गॅरेजवाले म्हणतात, तिन्ही फाउंडेशनं (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) काढून अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बसवा. दुसरे म्हणतात पॉलियुरेथेन (रबरासारखं कडक प्लास्टिक) घ्या, शोर ९५ (हा कडकपणाचा आकडा). मित्र म्हणतो, जुन्याच फाउंडेशनात गाडीची काच चिकटवायचं सीलंट भर. काय घेऊ? रविवारी याच गाडीनं आईबाबांना घेऊन बाहेर पडतो.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी धरते. ज्या गाडीत आईबाबा बसतात त्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे नकोत. तो सल्ला इथंच बाजूला ठेवूया.

आता बाकीचं. तिघांनीही तुम्हाला ‘किती कडक’ एवढंच सांगितलं. इंजिन कुठल्या दिशेनं आणि किती हलतंय हे कुणी बघितलंय का? कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या प्रेसवर मी ३१ वर्षं रबर आणि लोखंड एकत्र चिकटवतेय. वडिलांनी पंपसेटच्या कपलिंगची बुशं करत सुरुवात केली, मग साखर कारखान्यांची कामं आली, मग गाड्यांची फाउंडेशनं. इतक्या वर्षांत रबराचा नंबर आधी ठरवून आलेल्या माणसाचं काम एका फेरीत झालेलं मी क्वचितच पाहिलं.

तुमच्या गाडीत इंजिन आडवं आहे, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे सगळं एकाच गठ्ठ्यात आहे. वरची दोन फाउंडेशनं, एक इंजिनच्या बाजूचं आणि एक गिअरबॉक्सच्या बाजूचं, प्रामुख्यानं वजन पेलतात. तिसरं खाली, गिअरबॉक्स आणि सबफ्रेमच्या (गाडीखालच्या लोखंडी चौकटीच्या) मधे. हाडकासारखं दिसतं म्हणून मुलं त्याला डॉगबोन म्हणतात. ते वजन पेलत नाही. गठ्ठा फिरू नये म्हणून ते खालून धरून ठेवतं. तुम्ही क्लच सोडता, चाकं पुढं फिरतात, आणि त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून इंजिनचा माथा मागं फायरवॉलकडं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडं) झुकतो, तळ पुढं सरकतो. तो तळ ओढून धरायचं काम या हाडकाचं.

ओढ किती असते, याचा हिशेब करूया. आकडे मी धरलेले आहेत, तुमची गाडी काट्यावर घालून खरे टाका. सुटताना वजन मागं जातं, तेव्हा पुढच्या दोन चाकांवर ६५० किलो धरू. साध्या टायरची पकड ०.९ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. म्हणजे टायर घसरायच्या आधी ॲक्सलवर साधारण १,७०० न्यूटन-मीटर येऊ शकतात. इंजिनच्या ३५० ला पहिल्या गिअरनं आणि क्राउननं (डिफरन्शियलच्या गिअरनं) गुणलं तर आकडा याच्या दुपटीहून मोठा येईल, पण रस्ता तेवढं घेतच नाही, टायर सुटतो. आता स्लिक (बिननक्षीचे, शर्यतीचे) टायर टाका, पकड १.४ धरा. तेच गणित २,७०० च्या जवळ जातं. वरची फाउंडेशनं आणि खालचं हाडूक यांच्यात अर्ध्या मीटरचं अंतर धरलं, तर हाडकावरची ओढ साध्या टायरला ३५० किलोच्या आसपास आणि स्लिकला ५५० किलोच्या आसपास. सात पोती सिमेंट एका मुठीएवढ्या रबराला टांगल्यावर आणखी दोनशे किलो टांगायचं, असा हा हिशेब आहे. म्हणून मी फाउंडेशनाच्या आधी नेहमी टायर विचारते. डायनोचा कागद मला फार उपयोगी पडत नाही. डायनोच्या रोलरवर गाडी जागेवरून सुटतच नाही.

चाकं उड्या का मारतात तेही यातच आहे. टायर धरतो, इंजिन मागं झुकतं, रबर ताणलं जातं. तेवढ्यात टायर सुटतो, ताणलेलं रबर इंजिनला उलटं फेकतं. टायर पुन्हा धरतो. हे एका सेकंदात कित्येकदा होतं आणि प्रत्येक वेळी दणका ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटवर बसतो. मात्र उड्यांचा सगळा दोष फाउंडेशनावर टाकू नका. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मची मागची रबरी बुशं जुनी झाली असतील तर नवी फाउंडेशनं टाकूनही उड्या राहतील. गाडी जॅकवर घेऊन टॉमीनं ती बुशं आधी हलवून बघा.

पैसे खर्च करायच्या आधी एक काम करा. इंजिनच्या खोलीत छोटा कॅमेरा घट्ट बांधा, इंजिनच्या माथ्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवा, बॉनेट लावा आणि धावपट्टीवर खरा स्टार्ट घ्या. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक दाबून, मित्राला समोर उभं करून हा प्रयोग करायचा नाही. क्लच सुटला तर तो माणूस भिंतीला लागेल. दुसरं, शाडूची माती घ्या. अंगठ्याएवढे गोळे करून इंजिन थंड असताना डाउनपाइप (टर्बोतून धूर खाली नेणारा पाइप) आणि फायरवॉलच्या मधे, इंटरकूलरच्या पाइपापाशी, रेडिएटरच्या पंख्यापाशी चिकटवा. एक स्टार्ट घेऊन परत या. गोळा जिथं चेपला असेल तिथं किती जागा उरली ते मिलिमीटरमधे मोजता येतं. चित्रफितीत माथा किती मागं गेला आणि मातीत किती जागा उरली, हे दोन आकडे हातात आले की निम्मं काम झालं.

मग जुनी फाउंडेशनं काढून बघा. तुमच्या इंजिनच्या बाजूचं फाउंडेशन आत द्रव भरलेलं असतं. त्याच्या अंगावर काळपट ओघळ असेल तर ते गेलं. नवं टाकल्याशिवाय पुढच्या कुठल्याच निर्णयाला अर्थ नाही. रबर-लोखंडाचं साधं फाउंडेशन तुटलं असेल तर फेकू नका, तुटलेल्या जागेकडं नीट बघा. लोखंडावर रबराचा थर तसाच चिकटून राहिला असेल तर चिकटवण्याचं काम चांगलं होतं, ओढच जास्त पडली. तिथं जास्त ताकदीचं फाउंडेशन हवं. लोखंड स्वच्छ उघडं पडलं असेल तर रबर तुटलंच नाही, सुटलं. तो बनवणाऱ्याचा दोष. त्याच बनावटीचं अजून कडक घेतलंत तरी तसंच सुटेल.

हे मी अनुभवावरून लिहितेय. बरीच वर्षं झाली, पावसाळ्यात आमच्या शेडमधे शॉट ब्लास्टिंग केलेले लोखंडी तुकडे रात्रभर तसेच राहिले. सकाळी प्रायमर मारला, वरचा काळा कोट मारला, दीडशे अंशांवर साच्यात रबर शिजवलं. दिसायला एकेक नग देखणा. पण ब्लास्टिंगनंतर काही तासांत प्रायमर पडला पाहिजे, नाहीतर कोल्हापूरच्या पावसाळी हवेत डोळ्याला न दिसणारा गंज धरतो. पंधरा दिवसांत तीन नग परत आले, तिघांचंही लोखंड आरशासारखं उघडं. सगळी बॅच आम्ही परत मागवून घेतली. तेव्हापासून कुणी फाउंडेशन विकायला ठेवलं की मी आधी विचारते, तोडून बघितलेला नग दाखवा.

आता निवड. पहिली पायरी खालचं हाडूक. त्याच्या मोठ्या बुशमधे पॉलियुरेथेनचे इन्सर्ट टाका, शोर ए ७० ते ८० मधले. खर्च सगळ्यात कमी, आणि इंजिनचं झुकणं सगळ्यात जास्त इथंच आवरतं, कारण ओढ तिथंच आहे. वरची दोन्ही चांगल्या अवस्थेतली मूळचीच राहू द्या. पुन्हा कॅमेरा, पुन्हा माती. मला वाटतं साध्या टायरवर तुमचं काम इथंच भागेल आणि रविवारी आईंच्या पायाखाली फक्त थोडी गुणगुण येईल.

स्लिक टाकणार असाल तर दुसरी पायरी गिअरबॉक्सच्या बाजूचं फाउंडेशन, कडक रबर किंवा त्याच शोरचं पॉली. इंजिनच्या बाजूचं सगळ्यात शेवटी, आणि रस्त्यावरच्या गाडीत शक्यतो नाहीच. ते कडक केलं की स्टिअरिंग, आरसा, डॅशबोर्ड सगळं बोलायला लागतं. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. इंजिनवर नॉकचा (सिलिंडरमधे इंधन अवेळी पेटल्याच्या ठोक्याचा) सेन्सर असतो, तो आवाजच ऐकत असतो. फाउंडेशनं फार कडक झाली की गाडीच्या सांगाड्याची खडखड त्याच्यापर्यंत पोचू शकते, त्याला ती नॉक वाटते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो. म्हणजे पैसे घालून ताकद कमी. नवी फाउंडेशनं टाकल्यावर ट्यूनरकडून लॉग (सेन्सरच्या नोंदी) काढून घ्या.

शोर ९५ बद्दल. शोरचा आकडा सरळ चालत नाही. ५० वरून ७० ला गेलात की रबराचा कडकपणा दुपटीहून जास्त होतो, आणि पुढं तो आणखी भरभर चढतो. शिवाय आकार. जाड रबराचा तुकडा आणि दोन पत्र्यांत दाबलेली पातळ चकती, शोर एकच असला तरी चकती कितीतरी कडक लागते. म्हणून आकडा ऐकून घेऊ नका, नग हातात घेऊन घ्या.

ठोकळ्यांबद्दल एवढं सांगते. एक मुलगा माझ्याकडं गाडी घेऊन आला होता, तिन्ही बाजूंनी ठोकळे. गाडीचं शरीर सुटताना पिळतं, तो पीळ आधी रबर खात होतं. आता गिअरबॉक्सच्या केसिंगनं खाल्ला. केसिंगचा बोल्टाचा कान तडकला आणि धावपट्टीवर तेल सांडलं. मागून येणाऱ्या गाडीनं वेळीच ब्रेक लावला म्हणून पुढचं टळलं. त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

सीलंट? काचेचं पॉलियुरेथेन सीलंट पोकळ्या असलेल्या साध्या रबरात भरून एखाद-दुसरा प्रयोग करायला हरकत नाही. कडकपणा वाढवल्यानं तुमचा त्रास कमी होतो का, हे एका नळकांडीत कळतं. हवेतल्या दमटपणावर ते वाळतं, जाड थर आतून वाळायला कित्येक दिवस लागतात, तेवढे द्या. द्रव भरलेल्या फाउंडेशनात मात्र भरू नका. आणि ते कायमचं समजू नका, ओढ पडली की कडेनं सुटतं.

बसवताना : या गाडीचे फाउंडेशनाचे बोल्ट ताण घेऊन बसणारे आहेत, एकदा काढले की नवे घ्या. सगळे बोल्ट सैल ठेवून इंजिन हातानं दोन-चार वेळा हलवा, त्याला आपल्या जागी बसू द्या, मगच टॉर्क रेंचनं आवळा. वाकडं आवळलं तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. टर्बोच्या पाइपाजवळ पॉली येत असेल तर मधे उष्णतारोधक पत्रा घाला. अर्थिंगची पट्टी तपासा. रबर वीज जाऊ देत नाही, इंजिनला अर्थ त्या पट्टीतूनच मिळतो, आणि इंजिनच्या उड्यांनी ती आतून तुटलेली असू शकते. दुसऱ्या गिअरचं मी अजून ठामपणे सांगत नाही. तुमच्या गाडीत गिअर केबलनं पडतो, दांडीनं नव्हे, त्यामुळं इंजिन थोडं हललं तरी तो खपवून घेतो. हाडूक बदलूनही अडकला तर क्लच पूर्ण सुटतोय का ते बघा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, मूळचा साताऱ्याचा. १९६९ ची शेवरले कमॅरो घेतली आहे, ३५० घन इंचांचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, ‘टर्बो ४००’ नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंग्लिशटाउनचा रेसवे पार्क २०१८ मधे ड्रॅगसाठी बंद झाला, आता पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला जातो. इंजिन डावीकडून उचलतं. इथले जुने लोक साखळी बांधायला सांगतात. बरोबर आहे का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : साताऱ्याचं पत्र थेट एडिसनहून आलं, फार बरं वाटलं. तुमच्या गाडीच्या डाव्या फाउंडेशनाला मोठा इतिहास आहे. डिसेंबर १९७१ मधे जनरल मोटर्सनं याच कारणासाठी सुमारे ६७ लाख शेवरले गाड्या परत बोलावल्या, प्रामुख्यानं १९६५ ते १९६९ च्या. फाउंडेशनाचं रबर लोखंडापासून सुटायचं, जोर दिला की इंजिन डावीकडून उठायचं, आणि उठताना ॲक्सिलरेटरची दांडी ओढली जायची. म्हणजे इंजिन स्वतःच स्वतःला आणखी ॲक्सिलरेटर द्यायचं, आणि ब्रेकच्या बूस्टरची व्हॅक्यूमची नळी तुटली तर ब्रेकही जड. कंपनीनं उपाय केला तो पोलादी केबलनं इंजिन खाली बांधण्याचा. तेव्हा तुमचे जुने लोक चुकीचं सांगत नाहीत. तुमच्या गाडीत ती केबल अजून आहे का ते आधी बघा.

डावीकडूनच का, तर तुमचं इंजिन उभं, लांबीत बसलेलं आहे. ड्रायव्हरच्या जागेवरून बघितलं तर क्रँक घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून ब्लॉक घड्याळासारखा झुकतो. डावी बाजू वर, उजवी खाली. उजव्या रबरावर दाब येतो, तो ते वर्षानुवर्षं सोसतं. डाव्यावर ताण येतो, आणि ताणात रबर-लोखंडाची चिकट हीच कच्ची जागा. तुमचं डिफरन्शियल मागं वेगळं आहे, त्यामुळं वरच्या चिंचवडच्या वाचकासारखा क्राउनचा गुणाकार तुमच्या फाउंडेशनावर येत नाही. पण गिअरबॉक्स इंजिनलाच जोडलेला आहे. ५५० न्यूटन-मीटर असेल तर टर्बो ४०० च्या २.४८ च्या पहिल्या गिअरनं १,३६० च्या पुढं जातं, टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमधे क्लचच्या जागी असतो तो) भर वेगळी.

साखळी हा जपण्याचा उपाय आहे, धरण्याचा नाही. सैल बांधली तर इंजिन तेवढं उठतंच आणि मग दणक्यानं थांबतं. रस्त्यावरही चालवत असाल तर आतून एकमेकांत अडकणारी फाउंडेशनं घ्या, ज्यांत रबर सुटलं तरी लोखंडात लोखंड अडकून राहतं. फक्त ट्रॅकवर नेणार असाल तर पुढं दोन्ही बाजूंना पूर्ण लोखंडी चालतील. पण मग गिअरबॉक्सखालचं रबराचं किंवा पॉलीचंच ठेवा. पुढं-मागं सगळं लोखंडी केलंत आणि चौकट पिळली, तर गिअरबॉक्सचं शेपूट तुटतं. गाडी फार वेगात जायला लागली की पुढं टायमिंग कव्हरपाशी ॲल्युमिनियमची प्लेट आणि ब्लॉक-बेलहाउसिंगच्या मधे दुसरी प्लेट, ही पद्धत येते. तेव्हा इंजिन पुढं-मागं सरकू नये म्हणून गाडीच्या लांबीच्या दिशेनं लिमिटर (अडवणारी दांडी) लावायला विसरू नका. पण तिथवर जायला तुम्हाला अजून वेळ आहे. आधी डावं बदला.

प्रश्न : रोजच्या गाडीला हौसेनं पॉलीची तिन्ही फाउंडेशनं टाकली. आता सिग्नलला एसी लावला की आरशात मागची गाडी दिसत नाही, इतका तो थरथरतो. दोन पावसाळ्यांनंतर एकाच्या कडा चिकट, भेगाळलेल्या दिसतात. सवय होईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही होणार, आणि करून घेऊही नका. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा धक्का देतं. मिनिटाला ८५० फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला २८ च्या आसपास धक्के. फाउंडेशनावर बसलेल्या इंजिनची स्वतःची थरथर सेकंदाला २० च्या खाली असेल तरच हे धक्के पत्र्यापर्यंत कमी पोचतात. मूळ रबरानं ती समजा १२ होती. पॉलीनं कडकपणा चौपट झाला की ती दुप्पट होते, २४. आता फाउंडेशन धक्का अडवत नाही, वाढवून पुढं पाठवतं. वरची दोन मूळची टाका, खालचं पॉलीचं ठेवायचं तर ठेवा.

चिकट कडांचं कारण कोकणातली हवा असू शकते. पॉलियुरेथेनचे दोन मोठे प्रकार आहेत. त्यातला पॉलिएस्टरचा दमट उष्णतेत पाण्यानं आतून कुजतो, पॉलिइथरचा टिकतो. पुढच्या वेळी दुकानदाराला हा एकच प्रश्न विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर रबर घ्या. काढलेला चिकट नग मला पाठवा. कापून बघते आणि पुढच्या अंकात फोटोसकट सांगते.